जुन्या सीड्यांवरच्या बंद फाइली उघडताना : कुठलं सॉफ्टवेअर कशासाठी

एका दिवाळी अंकाचं १९९८ ते २०१२ या काळातलं साहित्य नव्या संगणकावर आणायचं होतं. ऐवज म्हणजे सीड्या, दोन पेनड्राइव्ह आणि ई-मेलचं एक फोल्डर. त्यात अनेक फाइली दाबून एकात बांधलेल्या बंद फाइली होत्या: झिप होत्या, रार होत्या, मॅकवर बांधलेल्या सिट होत्या, आणि बऱ्याच फाइलींना एक्स्टेंशनच (नावात टिंबापुढे येणारी प्रकाराची अक्षरं) नव्हतं. एकच सॉफ्टवेअर सगळं उघडेल ही अपेक्षा मी पहिल्याच दिवशी सोडली, आणि तेच बरं झालं.

सुरुवातीलाच एक पथ्य पाळलं. सीडीवरून थेट काहीही उघडायचं नाही. आधी फाइल जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवायची, मग सेव्हन-झिप या बंद फाइली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टेस्ट’ चालवायची. सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते दाखवणारा तपासणी-आकडा) चुकल्याचा संदेश आला तर दोष बहुतेकदा सीडीच्या वाचनात असतो, सॉफ्टवेअरमध्ये नाही. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, की त्यातल्या काही फाइली नीट उतरतात.

मग ओळख पटवणं. एक्स्टेंशन माणूस लावतो आणि बदलतो. फाइल खरी कशी आहे ते तिच्या पहिल्या काही बाइट्सवरून कळतं. लहान फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी पुरतं. सुरुवातीला इंग्रजी ‘पीके’ दिसलं तर झिप. फिल कॅट्झ यांनी १९८९मध्ये हा प्रकार आणला, ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. ‘रार’ आणि पुढे उद्गारचिन्ह असेल तर रार. ‘सेव्हन-झेड’ असेल तर सेव्हन-झिपची. ‘बीझेडएच’ म्हणजे बीझिप-टू, हा दाबण्याचा आणखी एक प्रकार. मात्र पीके दिसलं म्हणून लगेच मोकळी करायला घेऊ नका. वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, ईपब, अँड्रॉइडची एपीके या सगळ्या आतून झिपच असतात. माझ्याकडच्या बिननावाच्या चार ‘झिप’ प्रत्यक्षात वर्डचे लेख निघाले. नुसतं एक्स्टेंशन बदललं आणि काम झालं. टार हा फाइली न दाबता नुसत्या एकत्र बांधायचा प्रकार. त्याची खूण सुरुवातीला नसते, २५७ बाइट सोडून पुढे असते, म्हणून ती अशा नजरेने सापडत नाही.

मुख्य सॉफ्टवेअर म्हणून सेव्हन-झिप निवडलं. इगोर पाव्हलोव्ह यांचं हे सॉफ्टवेअर १९९९पासून आहे आणि कार्यालयातही फुकट वापरता येतं. रार बनवणारं विनरार चाळीस दिवसांच्या चाचणी मुदतीनंतरही उघडतं, पण कामाच्या ठिकाणी परवाना घ्यायलाच हवा. सेव्हन-झिप फाइलीचा प्रकार आतल्या खुणेवरून ओळखतं, त्यामुळे एक्स्टेंशन चुकलेलं असलं तरी अडत नाही. आयएसओ, कॅब, एआरजे, एलझेडएच हे प्रकारही उघडतं. रार मोकळी करतं, पण बनवत नाही. विंडोज ११ आता रार आणि सेव्हन-झेड स्वतःच उघडतं. २०२३च्या अपडेटपासून ही सोय आहे. पण पासवर्ड लावलेली रार तिथे उघडत नाही, आणि एईएस या कूटलेखन पद्धतीने बंद केलेली झिपही नाही. त्यात पासवर्ड चुकल्यासारखं वाटून माणूस तासभर तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो.

आवृत्तीबाबत मी फार काटेकोर आहे, कारण बाहेरून आलेली बंद फाइल हाच व्हायरस आत यायचा जुना रस्ता. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, २५.०१च्या आधीची ठेवू नका. विनरार असेल तर ७.१३ किंवा पुढची हवी. नावातलं अक्षर इकडेतिकडे केलेल्या नकली साइट्स असतात, म्हणून डाउनलोड मूळ साइटवरूनच. विंडोजमध्ये एक्स्टेंशन दिसण्याची सोयही चालू करा, नाहीतर ‘मुखपृष्ठ.जेपीजी.ईएक्सई’ नावाची फाइल चित्रच वाटते.

तरीही संगणकावर विनरार ठेवावंच लागलं, ते यूयूई फाइलींसाठी. नव्वदीच्या दशकात ई-मेलमधून फक्त साधी अक्षरं जायची, म्हणून फाइल अक्षरांत बदलून पाठवत. सुरुवात ‘बिगिन ६४४’ आणि फाइलीचं नाव अशी, शेवट ‘एंड’ असा, आणि मधली प्रत्येक पूर्ण ओळ इंग्रजी ‘एम’ने सुरू होते, कारण एका ओळीत ४५ बाइट्स भरलेले असतात. सेव्हन-झिप ही उघडत नाही, विनरार उघडतं. ओळीच्या शेवटची मोकळी जागा मधल्या एखाद्या मेल प्रोग्रॅमने छाटली असेल, तर फाइल बिघडलेली निघते. अशा वेळी एमने सुरू होणारी प्रत्येक ओळ ६१ अक्षरांची भरते का ते बघायचं. कमी पडली तर शेवटी तेवढे स्पेस घालायचे. दोन लेख मी असेच वाचवले.

बेस-६४ ही फाइल अक्षरांत बदलण्याची दुसरी पद्धत, त्यापेक्षा सोपी. तीन बाइट्सची चार अक्षरं होतात, म्हणून फाइल एक तृतीयांशाने फुगते. त्यातली झिप ‘यूईएसडीबी’ या अक्षरांनी सुरू होते, पीडीएफ ‘जेव्हीबीई’ने. पूर्ण मेल ईएमएल म्हणून जतन असेल तर थंडरबर्डमध्ये उघडली की जोडलेली फाइल आपसूक समोर येते. नुसता मजकूर उरला असेल तर विंडोजमधलीच सर्टयुटिल ही कमांड ‘डीकोड’ पर्यायासह वापरायची. मेलचं शीर्ष काढून टाका, त्यातली एक ओळ राहिली तरी निकाल खराब येतो.

तुकड्यांतल्या फाइलींचा गोंधळ जास्त होतो. पार्ट१, पार्ट२ असे रारचे भाग, किंवा ००१, ००२ असे भाग सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडायचा. जुन्या रारमध्ये पहिला तुकडा ‘रार’ असतो आणि दुसरा ‘आर००’, हे माहीत नसेल तर माणूस आर०० उघडायला जातो. झिपच्या तुकड्यांत नेमकं उलट आहे: ‘झिप’ नावाचा तुकडा शेवटचा असतो, तरी उघडायचा तोच. एक तुकडा हरवला तर अर्धवट उतरलेल्या झिपमधून सुरुवातीच्या फाइली सेव्हन-झिप बहुधा काढून देतं, कारण झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते. सॉलिड रारमध्ये किंवा सेव्हन-झेडमध्ये फाइली एकत्र दाबलेल्या असतात. एक जागा बिघडली की पुढच्याही जातात. विनरारचं ‘रिपेअर’ खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते बांधताना रिकव्हरी रेकॉर्ड (दुरुस्तीसाठीची जादा माहिती) घातलं असेल तरच.

टार-जीझेड हे दुहेरी वेष्टन. सेव्हन-झिपने उघडल्यावर आत पुन्हा एक टार दिसते, ती आणखी एकदा उघडायची. मोकळी केलेली फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल तर एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती मावत नाही, जागा कितीही असो.

पासवर्ड लिहून ठेवलेला असूनही लागत नव्हता, तो कीबोर्ड मराठीवर राहिल्यामुळे. इंग्रजी ५ आणि देवनागरी ५ संगणकाला वेगळे. ‘पासवर्ड दाखवा’ची खूण करून बघा, क्षणात कळतं.

सिट फाइली मॅकवर ‘दि अनआर्काइव्हर’ने उघडल्या, आणि त्या विंडोजवर उघडू नयेत असं माझं ठाम मत आहे. जुन्या मॅकवर फाइलीचे दोन भाग असत, मजकुराचा आणि रिसोर्स फोर्कचा. पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा सगळा जीव दुसऱ्या भागात. विंडोजवर तो भाग गळून पडतो आणि फॉन्टच्या फाइली शून्य केबीच्या दिसतात. फॉन्ट गेले की अंकाची पानं गेलीच.

नावांचा त्रास शेवटी सगळ्यात जास्त झाला. विंडोज ७पर्यंतची अंगची झिप-सोय देवनागरी नावाची फाइल घेतच नसे, म्हणून लोकांनी दुसरी साधनं वापरली आणि नावं कुठल्याही कोडपेजमध्ये (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्यात) लिहिली गेली. नाव अगम्य दिसलं तरी आतला मजकूर शाबूत असतो. दि अनआर्काइव्हरमध्ये कोडपेज निवडून बघता येतं. सेव्हन-झिपला ते कमांड लाइनवर सांगावं लागतं, युनिकोडच्या यूटीएफ-८साठी ६५००१. नावात प्रश्नचिन्हंच लिहिली गेली असतील तर मूळ नाव मिळत नाही. लिनक्सवर आणखी एक अडचण आहे. तिथे फाइलनाव २५५ बाइट्सचं, आणि देवनागरीचा प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी तीन बाइट्स घेते. ‘दिवाळी’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण त्यात सहा खुणा, म्हणजे १८ बाइट्स. लेखाचं पूर्ण शीर्षक नाव म्हणून दिलं की ८५ खुणांनंतर फाइल मोकळीच होत नाही. विंडोजवर तीच फाइल बिनतक्रार निघते.

उघडल्यावर लेखात ‘´ÉÉ’सारखी अक्षरं दिसली तर फाइल बिघडलेली नसते. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी जागांवर देवनागरी आकार बसवले होते. तो फॉन्ट टाकला की लेख वाचता येतो, आणि मग त्या फॉन्टसाठीचंच युनिकोड रूपांतर वापरायचं. पेजमेकर या जुन्या पान-मांडणी सॉफ्टवेअरची पानं लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मांडणी थोडी हलते.

नवी प्रत बांधताना सेव्हन-झिपच्या ‘पॅरामीटर्स’मध्ये ‘सीयू=ऑन’ लिहिलं, म्हणजे झिपमधली देवनागरी नावं यूटीएफ-८मध्ये जातात. प्रत्येक झिपचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जराही बदलली तर हा बदलतो) साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवला. मूळ सिट मात्र मोकळ्या करूनही पुसल्या नाहीत, कारण मॅकचे ते फॉन्ट विंडोजवर बांधलेल्या झिपमध्ये टिकत नाहीत.