तुम्ही विचारलंत म्हणून: हिवाळ्यात मी गाव का सोडत नाही

"मे महिन्यात बोलावलं तर लगेच येता, मग डिसेंबरातल्या लग्नांनाच नकार का?" हा प्रश्न पुण्याचे नातेवाईक मला कितीदा तरी विचारतात. गेल्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही, तेव्हापासून त्या प्रश्नाचा आरोप झाला आहे. म्हणून एकदा नीट लिहितो.

वर्ध्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, हे तुम्हीच मला ऐकवता. पण समुद्रापासून इतक्या दूर असल्यामुळेच पावसाळा सरला की इथली हवा कोरडी होते, निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री झपाट्याने निवते, आणि डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश तर दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस असे दिवस येतात. त्यांतही मध्येच आभाळ येतं, तुरीवर अळी पडते आणि आठवडा जातो. उरतात ते मोजके दिवस. एरवी ज्या उन्हाला पाठ दाखवून पळतो, त्याच उन्हाला पाठ देऊन तेव्हा बसता येतं.

२०१८च्या डिसेंबरात मी आईला पुण्याला घेऊन गेलो. ती नको म्हणत होती. "थंडी काय, पुण्यातही असते," असं मी तिला म्हणालो होतो आणि ते खरंही होतं. मात्र चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात ऊन गॅलरीच्या एका कोपऱ्यात जेमतेम पाऊण तास यायचं. आई प्लास्टिकची खुर्ची त्या कवडशामागे सरकवत न्यायची. शेवटी खुर्ची कठड्याला टेकली की उठून आत यायची. गावी ती याच दिवसांत ओसरीच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि सोल्यांनी तिच्या अंगठ्याचं नख हिरवं झालेलं असायचं. २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंश नोंदवले गेल्याची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा मी विजयी सुरात म्हणालो, "बघ, बरं झालं आलो ते." ती म्हणाली, "आज आपल्या आंगनात ऊन किती गोड लागत असन."

संक्रांत करून, फेब्रुवारी लागल्यावर परतलो. एसटीतून उतरल्यावर तिने पदराने कपाळ पुसलं आणि "गेले यंदाचे दिवस," एवढंच म्हणाली. त्या आषाढात ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. हवेशी त्याचा संबंध नाही, हे मला कळतं. तरीही तिचा शेवटचा हिवाळा मी नेला, हा विचार जात नाही.

कोणी म्हणेल की हे पेन्शनवाल्या मास्तराचे लाड आहेत. शेजारचा शेतकरी रात्रपाळीची लाईन येते म्हणून याच थंडीत मध्यरात्री हरभऱ्याला पाणी देतो, आणि कापूस वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी मिळते, त्यांना उन्हात बसायला कोण सांगणार? पूर्वीचा मी हाच मुद्दा मांडत असे, आणि आजही त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मात्र दुपारी शिदोरी सोडताना त्याच बाया निंबाच्या सावलीऐवजी धुऱ्यावरच्या उन्हात बसतात, हे मी रोज पाहतो.

बहिणीचा राग मी नाकारत नाही. भाचीला बोहल्यावर नेणं मामाचं काम. ते शेजारच्या एका गृहस्थांनी केलं. त्या मुहूर्ताच्या वेळी मी पायरीवर आईच्या जागी शेंगा सोलत बसलो होतो, आणि बरं वाटत होतं, हेही लपवत नाही. यंदा पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली आहे, तारीख २१ डिसेंबर. ती देवापुढे ठेवली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, आणि तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत.