फाटक लावून जाणारा माणूस

१५ जानेवारी, रात्री साडेदहा

संक्रांत काल झाली, वाण देऊन-घेऊन पाय दुखून राहिले, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

भाऊजी नागपूरहून आलेत. दिवसभर तुरी सोंगायला मदत करतात आणि रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसतात, गेम खेळतात. मला त्यातलं काही कळत नाही, गेम म्हणजे नुसतं ठो ठो असंच मला आजवर वाटायचं. पण परवा मी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि बाहेरच्या खोलीतून खोकला ऐकू आला आणि माझा हात तसाच थांबला. आधी वाटलं मामंजी खोकलून राहिले. घशातला खोकला नव्हता तो, खालून छातीतून येणारा, शेवटी दम लागून थांबतो तसा. १४ वर्षं झाली मला आशा म्हणून काम करून, हा खोकला मी घराबाहेरून ओळखते. हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर गेली तर मामंजी मस्त घोरत होते आणि खोकणारा माणूस लॅपटॉपमध्ये होता, घोड्यावर बसलेला, टोपीवाला.

मी भाऊजींना विचारलं, ह्याला किती दिवसांपासून खोकला आहे? ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "वैनी, तुम्हाले कसं समजलं? मी तं अर्धा गेम खेळलो तरी मले समजलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं आणि मी तिथंच खाली बसून ऐकलं, तवा तापून गेला तरी.

गेमचं नाव रेड डेड रिडेम्प्शन २, २०१८ साली आला. गोष्ट अमेरिकेतली, १८९९ सालची. आर्थर मॉर्गन नावाचा माणूस एका दरोडेखोर टोळीत आहे. त्या टोळीतला स्ट्रॉस म्हणून एक जण गरीब लोकांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. असाच एक शेतकरी, डाऊन्स, स्वतः आजारी, अंगात जीव नाही, आर्थर त्याच्या घरी जाऊन त्याला त्याच्याच कुंपणापाशी मारतो आणि तो माणूस खोकतो तेव्हा रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. खेळणाऱ्याला वाटतं, झालं, काम झालं, पुढे चला. डाऊन्स मरतो. आणि पुढे कितीतरी दिवसांनी आर्थरला खोकला सुरू होतो, मग एक दिवस शहरात रस्त्यावरच कोसळतो, डॉक्टर सांगतो टीबी आहे.

इथं आशा म्हणून एक सांगणं भागच आहे, एकदा कोणी तोंडावर खोकललं की टीबी होतोच असं नाही, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, उगाच पेशंटला वाळीत टाकू नये. पण गोष्टीतला हिशोब मला समजला. जंतू सापडला होता १८८२ सालीच, रॉबर्ट कॉख यांनी शोधला, म्हणजे १८९९ मधला डॉक्टर रोगाचं नाव सांगू शकत होता पण त्याच्याजवळ द्यायला गोळी नव्हती, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. म्हणून तो आर्थरला एवढंच सांगतो की कुठंतरी उबदार कोरड्या जागी जा, आराम कर. माझ्या वस्तीतले एक काका सध्या गोळ्यांवर आहेत, चौथा महिना सुरू आहे, सहा महिने पूर्ण केले की सुटले, आणि खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरच्या आधी ५०० होते. आर्थरला काही नव्हतं. मला त्या चित्रातल्या माणसासाठी खरंच गलबलून आलं.

१६ जानेवारी, दुपार

सकाळी गृहभेटी करून आली, रजिस्टर भरायचं तसंच पडलं आहे. डोक्यात एकच, की हा खोटा माणूस मला खरा का वाटला. आजारामुळे? नाही वाटत. आजारी माणसं तर प्रत्येक सिरियलमध्ये असतात, हॉस्पिटलच्या पलंगावर लिपस्टिक लावून पडलेली असतात, त्यांचं मला काही वाटत नाही.

काल रात्री मी मुद्दाम भाऊजींच्या बाजूला बसली. आर्थर टोळीच्या तळावर आला, घोड्याला खरारा केला, कॉफी घेतली. रस्त्यात कोणी दिसलं तर बटण दाबून त्याला राम राम घालता येतो किंवा भांडण उकरता येतं, जसं आपल्याला वाटेल तसं. आणि त्याच्याजवळ एक वही आहे, त्यात तो लिहितो, चित्रं काढतो, पाहिलेला पक्षी, पाहिलेलं घर. ती वही उघडून आपल्याला वाचता येते. लोकांत तो उद्धट बोलतो, धमक्या देतो, आणि वहीत वेगळाच माणूस आहे, शंका असलेला, स्वतःवर चिडलेला. भाऊजी म्हणाले मी ती वही कधी उघडलीच नव्हती, वैनी तुम्ही सांगितलं म्हणून उघडली. मी पण वही लिहिते ना, म्हणून मला तीच दिसली असेल.

पण माझ्या मनात खरी अडकून बसली ती डाऊन्सच्या घरची वसुली, आणि त्याचं कारण मला काल रात्री पडल्यापडल्या सापडलं.

मी पाचवीत होती. माहेरी चार एकर कोरडवाहू, कापूस. त्या वर्षी बोंडं किडली होती आणि बाबांनी ज्याच्याकडून पैसे उचलले होते त्याचा माणूस वसुलीला आला. बाबा ओट्यावर उभे, आई दारात, मी आईच्या मागे. तो माणूस ओरडला नाही, मारलं पण नाही, त्यानं फक्त बाबांची सायकल धरली आणि चालवत नेली नाही, हातात धरून पायी नेली. आणि बाहेर पडल्यावर तो थांबला, मागे वळला आणि आमचं फाटक ओढून लावलं, कारण रस्त्यावर शेळ्या होत्या आणि आमच्या अंगणात तुरीचा ढीग होता.

मी त्या माणसाचा किती राग केला असेल. शाळेत पायी जाताना रोज केला. पण राग करताना दरवेळी तो मला फाटक लावतानाच दिसायचा, आणि ते मला कधीच नीट बसवता आलं नाही, आमची सायकल नेणाऱ्या माणसानं आमची तूर काऊन राखावी? फाटक लावायचे त्याला काही पैसे नव्हते मिळणार. कोणी पाहत पण नव्हतं, मी सोडून.

मला वाटतं लिहिणाऱ्याला हे फाटक सापडलं पाहिजे. आर्थरचा घोडा, वही, ते सगळं फाटकच आहे. गोष्टीला त्याची गरज नाही, टोळीला नाही, वसुलीला तर नाहीच नाही.

आणि दुसरी बाजू पण लिहिते कारण ती मला जास्त लागते. विदर्भातला शेतकरी सिनेमात आला की काय दाखवतात, भेगाळलेली जमीन, वर पाहणारा म्हातारा, झाडाला दोर. बायको रडते. बस. दुःख खरं आहे, आमच्या गावात झालेलं आहे, मी त्या घरांमध्ये जाते. पण माणूस नुसता दुःखाचा बनलेला नसतो हो. ज्या दिवशी सायकल गेली त्या रात्री बाबा जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "वांग्यात आज कूट कमी घातला का?" आई म्हणाली, संपला. बाबा म्हणाले उद्या आणतो, आणि भाकरी कुस्करून दोन वेळा रस्सा मागून घेतला. सिनेमावाल्यानं त्यांना त्या रात्री उपाशी छताकडे पाहत ठेवलं असतं. आणि पाहणाऱ्याला बाबांची कीव आली असती पण बाबा त्याला कधीच भेटले नसते.

आमच्या रजिस्टरमध्ये असंच असतं, नाव, वय, आजार, शेरा. ते काम म्हणून बरोबर आहे. सिनेमात तेवढंच असेल तर मग तो सिनेमा पण रजिस्टरच.

ज्यांना हे जमलं असा एक सिनेमा मी मोबाईलवर पाहिला आहे, दोन वेळा. कोर्ट. २०१४ चा, चैतन्य ताम्हाणे यांचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यात शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, खऱ्या आयुष्यात पण चळवळीतले, २०२१ च्या कोरोनात गेले. पण मला त्यात आठवते ती सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णींनी केली आहे. कोर्टात ती त्या म्हाताऱ्या शाहिराला आत टाकायला कलमांवर कलमं वाचत सुटते, मला तिची चीड आली होती. आणि मग कोर्ट सुटतं आणि ती लोकलमध्ये बसते, बाजूच्या बाईशी घरच्या गोष्टी बोलते, मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. कोणी म्हणत नाही की पहा बिचारी. ती चांगली पण होत नाही त्यानं, दुसऱ्या दिवशी परत तेच करते. मी पण रोज तशीच आरोग्य केंद्रातून येते आणि कुकर लावते. आता मला तिचा राग करता येतो पण ती कोणी दुसरीच आहे असं म्हणता येत नाही.

१७ जानेवारी, रात्र

आज भाऊजींसोबत मोठा वाद झाला, म्हणजे चांगला वाद. त्यांचं म्हणणं, वैनी, हे सगळं टेक्नॉलॉजीनं होते. रॉजर क्लार्क नावाच्या नटाला अंगभर ठिपके लावलेला सूट घालून, डोक्यावर कॅमेरा लावून अभिनय करायला लावला, आवाज त्याचाच, चालणं त्याचंच, म्हणून आर्थर खरा वाटतो. मेहनत दिसते, मी नाही म्हणत नाही. त्याचा श्वास तुटतो तेव्हा खांदे वर येतात, ते बसल्याजागी आवाज देऊन आलं नसतं.

पण मी त्यांना मावशीकडची गोष्ट सांगितली. मावशी ब्रह्मपुरीकडची, तिकडे पूर्व विदर्भात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, पहाटेपर्यंत चालते. वडसा हे त्याचं मुख्य ठिकाण, तिथून कंपन्या गावोगाव जातात. परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री मिळाली ते ह्याच रंगभूमीचे. तालमी कमी, प्रॉम्प्टर समोरून वाक्य देतो, आम्ही पुढे चटईवर बसलेल्या पोरी, आम्हाला नटाच्या आधी प्रॉम्प्टरचंच ऐकू यायचं. म्हणजे काय बोलणार ते माहीत, पडदा हलून राहिला, मागं जनरेटर धडधडते, आणि तरी आम्ही रडलो आहोत. एका नाटकात खाष्ट सासू होती, सुनेला घराबाहेर काढते. प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं, बाईनं ते लगेच घेतलंच नाही, आधी खाली बसली, गुडघा चोळला, आणि मग चोळत चोळतच म्हणाली, चालती हो. आजूबाजूच्या बाया तिला शिव्या देत होत्या आणि माझी मावशी हळूच म्हणाली, "वात आहे वं तिले." कुठं आलं त्यात टेक्नॉलॉजी?

भाऊजी हसले नाहीत, विचार करत बसले, हे मला त्यांचं आवडतं. मग त्यांनीच मोबाईलवर एक जुना छोटासा व्हिडिओ दाखवला, १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या दोघांनी एका प्रयोगासाठी बनवलेला. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक गोल, आणि एक चौकोनी घर, त्याला उघडझाप होणारं दार. बस, तेवढंच इकडून तिकडं फिरते. ३४ जणांच्या गटाला दाखवून काय पाहिलं ते लिहायला सांगितलं, तर एकानंच आकृत्या हलल्या असं लिहिलं, बाकीच्यांना त्यात भांडणं दिसली, भीती दिसली. मला पण दिसली, मोठा त्रिकोण मला सरळ सरळ गावगुंडच वाटला. तोंड नाही, डोळे नाहीत. आपण माणसं माणूस शोधायला किती उतावीळ असतो पहा, आणि इतकं असून काही सिनेमांमध्ये नाक-डोळे असलेला हिरो तीन तास समोर राहतो तरी आपल्याला तो सापडत नाही, म्हणजे त्यांनी किती घट्ट बंद केलं असेल त्याला.

झोपायच्या आधी एक प्रसंग दाखवला त्यांनी. स्टेशनवर आर्थर एका नन सिस्टरजवळ बसतो, आपण मरणार आहोत हे सांगतो, आणि म्हणतो की मला भीती वाटते. एवढा मोठा गडी. माझ्या वस्तीतले ते काका तीन महिने "मले काही झालं नाही" म्हणत होते आणि मागच्या आठवड्यात गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन हळूच म्हणाले, पोरी, भेव लागते मले. मी तेव्हा काय बोलली ते आठवत नाही. त्यांच्याजवळ बसून राहिली एवढं आठवते.

१८ जानेवारी

भाऊजी सकाळच्या एसटीनं गेले, लॅपटॉप घेऊन. आर्थरचं पुढं काय होते ते मी विचारलं नाही, त्यांना पण सांगू नका म्हटलं.

दुपारी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, आई तुला आठवते का, बाबांची सायकल नेली तेव्हा त्या माणसानं जाताना फाटक लावलं होतं.

आई म्हणाली, "फाटक? आपल्या घराले फाटक कुठी होतं तवा. बोरीच्या काट्यांची बोराटी होती लावेल."

मी गप्प झाली. इतकी वर्षं मी फाटक पाहून राहिली होती. मग आईच म्हणाली, "हो, ओढली होती त्यानं बोराटी. काटा रुतला ना त्याले हातात, चांगला खोल. सायकल धरून उभाच राह्यला बाहेर."

मग?

"मग काय, मीनंच सुई देली त्याले."