वायफाय ड्रायव्हर बदलण्याआधी डीमेसेज वाचा

लिनक्सवर वायफाय अडलं की पहिला हात जातो तो नेटवरून कुणाचा तरी ड्रायव्हर उतरवून बसवण्याकडे. निम्मा घोळ तिथेच होतो. एकाच कार्डावर हक्क सांगणारी दोन मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली) बसतात. मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण ओढवून घेतलेलं कुठलं, ते कळेनासं होतं.

(डीमेसेज म्हणजे कर्नलचे, अर्थात लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.)

तात्पुरत्या इंटरनेटसाठी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. मग लॅपटॉप घेऊन राऊटरपासून २ मीटरवर बसा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, त्यात जुलैत ओल धरलेली. वसरीतल्या राऊटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मागच्या खोलीपर्यंत पोचता पोचता मरतो आणि शिव्या खातो ड्रायव्हर. 'आयडब्ल्यू डेव्ह', त्यापुढे इंटरफेसचं नाव आणि 'लिंक' असं लिहिलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). जवळ बसून −४० ते −५० दिसत असूनही जोडणी तुटत असेल, तरच पुढे जा. जवळ ठीक चालतं आणि मागच्या खोलीतच −७५च्या खाली जातं, तर दोष भिंतीचा.

'एलएसपीसीआय -एनएनके' चिपचा क्रमांक दाखवते. १०ईसी:सी८२१ म्हणजे रिअलटेक ८८२१सीई. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. या चिपचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून कर्नलच्याच आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरसंचात आहे. म्हणजे नव्या कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर आणायचं कारणच नाही. आधीच आणला असेल तर दोघांपैकी एकाला मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते आपोआप सुरू होणार नाही.

आता 'सुडो डीमेसेज'. फर्मवेअरच्या (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ओळीत 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर ड्रायव्हर ठीक आहे. −२ म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. डेबियनवर फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज घाला आणि मशीन पुन्हा सुरू करा. डेबियन १२ पासून (२०२३) इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं, पण जुन्या पेनड्राइव्हवरून बसवलेल्या मशीनवर ते नसतं.

'मॉड्यूल इज फ्रॉम द स्टेजिंग डिरेक्टरी, द क्वालिटी इज अननोन' ही ओळ दिसली तर तो कर्नलमधलाच, पण अजून कच्चा, प्रायोगिक ड्रायव्हर. कर्नलवाले स्वतःच हात वर करतात. अशा वेळी '/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड' या फाइलीतल्या आकड्यात १०२४ मिळवलेले असतात, आणि बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलचे ४०९६. बग कळवताना हा आकडा द्यायचाच. तो लपवून कळवलेला बग पुढे सरकत नाही.

मॉडप्रोबने मॉड्यूल सुरू करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर सिक्युअर बूटने (अनोळखी कोड अडवणाऱ्या सोयीने) ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल नाकारलंय. मॉकयुटिल या कमांडने त्या सहीची किल्ली (मॉक) आयात करा, पासवर्ड ठरवा, रीबूट करा. वर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडा. हा पडदा थोडा वेळच थांबतो. चहा ठेवायला गेलात तर सगळं पुन्हा.

कर्नल अपडेटनंतर वायफाय गेलं तर डीकेएमएसचं (प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाचं) 'मेक.लॉग' उघडा. बहुतेकदा नव्या कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसतात. ते असूनही बांधणी अडत असेल, तर कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललेलं असतं. ते स्थिर ठेवायचं वचन कर्नलने कधीच दिलेलं नाही, म्हणून बाहेरचे ड्रायव्हर असे मधूनच मोडतात. दुरुस्ती येईपर्यंत ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल निवडा.

जोडणी लागते पण मधेच गोठते, तेव्हा संशय वीजबचतीवर. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी मध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह=२' लिहा (इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू; कुणी ठरवलं देव जाणे). मग एक दिवस वापरून बघा. फरक नाही पडला, तरच आरटीडब्ल्यू८८_पीसीआय या मॉड्यूलला 'डिसेबल_एएसपीएम=१' द्या (एएसपीएम म्हणजे कार्डाच्या पीसीआय जोडणीची वीजबचत). दोन्ही एकदम केलंत तर औषध कुठलं लागू पडलं ते कळणार नाही.

बाजारातला नखाएवढा यूएसबी डोंगल लावला आणि 'एलएसयूएसबी'त ०बीडीए:१ए२बी दिसलं, तर तो वायफाय नसून सीडी-ड्राइव्ह म्हणून उभा आहे. विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात भरलेला असतो. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज घालून डोंगल काढून पुन्हा लावा. क्रमांक बदलला की मगच ड्रायव्हर शोधायचा.