वेल्डिंग दिसलं पाहिजे

जेवणाच्या टेबलाचा सांगाडा पाहायला भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये गेलो, तेव्हा फॅब्रिकेटर मामांनी तो मोठ्या कौतुकाने दाखवला. दोन इंची चौकोनी पाइप आणि ग्राइंडरने इतके सफाईने घासलेले सांधे, की दोन पाइप कुठे जुळले ते बोट फिरवूनही कळू नये. मी चाचरतच म्हणालो, "मामा, वेल्डिंग दिसलं पाहिजे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, दिसतं ते वेल्डिंग शिकाऊ पोराचं. ठेवतो तसं, पण मग माझ्या हातचं म्हणून कुणाला सांगू नका."

जेवणघराला 'इंडस्ट्रियल' रूप द्यायचे आमच्या घरात ठरले होते. म्हणजे राखाडी सिमेंटची भिंत, उघडी वीट, छतावरून राजरोस नेलेले वायरिंगचे लोखंडी पाइप आणि टेबलावर लोंबणारा काळा पत्र्याचा दिवा. ही आवड रुजली ती मुख्यतः न्यूयॉर्कच्या सोहो भागात. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या तिथल्या इमारतींमधून कारखाने आणि गोदामे हळूहळू उठून गेली आणि १९५०-६०च्या दशकांत चित्रकार-शिल्पकार तिथे राहू लागले, कारण जागा ऐसपैस, खिडक्या मोठ्या आणि भाडे थोडे. तसे राहणे कायद्यात बसत नव्हते. सोहोतल्या कलावंतांना ती मुभा १९७१ मध्ये मिळाली. भिंतींच्या विटा उघड्या होत्या त्या तशाच राहिल्या, कारण गिलाव्यावर पैसे घालणार कोण? आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र गिलावा आधीच केलेला असल्यामुळे त्यावर विटेच्या पाऊण इंची चकत्या चिकटवाव्या लागल्या, आणि त्या गिलाव्यापेक्षा बऱ्याच महाग पडल्या.

मला हे सगळे जरा जपूनच करायला हवे होते, कारण माझे लहानपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आबांच्या लेथच्या, म्हणजे लोखंड फिरवत कातणाऱ्या यंत्राच्या, आवाजात गेले. कातताना लोखंड थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो आंबूस वास, लेथखाली साचलेल्या लोखंडाच्या निळसर, मुरगळलेल्या चिपा आणि दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा एक शब्द : फिनिशिंग. आबांच्या लेखी जगात माणसे दोनच प्रकारची, जॉबची, म्हणजे घडवायला घेतलेल्या वस्तूची, बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढणारी आणि न काढणारी. त्या वर्कशॉपात जेवणघर असे नव्हतेच. दुपारी लाकडी खोक्यावर वर्तमानपत्र अंथरून डबे उघडत. एका नव्या पोराने एकदा आपला डबा सरफेस प्लेटवर ठेवला. ओतीव लोखंडाची ती सपाट लादी जॉबची सपाटी तपासण्यासाठी असते, देव्हाऱ्याइतकी जपलेली. आबांनी त्या पोराला जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. आज तसलीच एखादी लादी कोणी चहाचे टेबल म्हणून दिवाणखान्यात ठेवली, तर तिचे फोटो काढतील.

सजावटीत खऱ्या अडचणी आल्या त्या आपल्या जेवणामुळे. कच्च्या सिमेंटचे रूप देणाऱ्या लेपाला हळदीची फोडणी सोसत नाही. पहिल्याच आठवड्यात आमटीच्या वाटीला कोपर लागले आणि भिंतीवर जो पिवळा नकाशा उमटला तो अजून आहे. सीलरचे दोन हात आधीच द्यायला हवे होते, हे मागाहून कळले. दुसरी अडचण आवाजाची. लोखंड, सिमेंट, वीट आणि काच यांतले काहीच आवाज पिऊन घेत नाही. त्यात आपली स्टीलची ताटे, वाट्या, डाव. चार माणसे जेवायला बसली की खानावळीत पंगत उठल्यासारखा खणखणाट होई. शेवटी टेबलाखाली जाड सतरंजी आणि खिडकीला खादीचे पडदे आले, तेव्हा एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागले. दिव्यातला पिवळाजर्द फिलामेंटचा एलईडी बल्बही मी काढून टाकला, कारण त्याच्या उजेडात पालक आणि पिठले एकाच रंगाचे दिसत. आता साधा, त्याहून कमी पिवळ्या उजेडाचा ३००० केल्विनचा बल्ब आहे आणि शेड टेबलापासून बरोबर तीस इंचांवर. त्याहून खाली आणली तर समोरच्याचा चेहरा झाकतो, फार वर नेली तर डोळ्यांवर येते.

खुर्च्यांबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. झाव्हिए पोशार या फ्रेंच कारागिराने १९३४ साली केलेल्या पत्र्याच्या 'ए' खुर्चीच्या त्या नकला आहेत. मूळ खुर्ची गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली, एकात एक रचता येणारी, आणि बैठकीला भोके अशासाठी, की बाहेर ठेवली तर पावसाचे पाणी साचू नये. आमच्या जेवणघरात पाऊस पडत नाही, तरी ती भोके मला आवडतात. डिसेंबरात बसताना तेवढी उशी लागते.

दिवाळीत आबा आले. विटांच्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "गिलाव्याला पैसं कमी पडलं व्हय रं?" सूनबाई हसली, मी गप्प राहिलो. मग ते जेवायला बसले. टेबलाच्या कोपऱ्यावरच्या उघड्या वेल्डिंगवर त्यांची नजर दोनदा गेली, पण भाताचे दोन घास होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर सवयीने त्यांचा डावा हात टेबलाखाली गेला आणि पाइपाच्या आतल्या सांध्यावरून, जिथे बसणाऱ्याचा गुडघा लागतो तिथून, सावकाश फिरला. तो सांधा मी आजवर पाहिलाच नव्हता.

"खालनं घासलंय," आबा म्हणाले. "कुणाचं काम हे?"