सरांच्या हातचा भंडारा

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि मी ठरवलं, मराठीच्या सरांवरच लिहायचं. बँडवर, मैदानावर, मेसमधल्या रविवारच्या मटणावर बाकीचे लिहितीलच.

सर कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या बोर्डिंगात वाढलेले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यातल्या पोरांना शहरात छप्पर मिळालं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आपल्या शाळेत मात्र कारखान्याच्या चेअरमनची, बागायतदारांची पोरं. सर सगळ्यांनाच ‘पैलवान’ म्हणत, काडीसारख्या मलासुद्धा. डॉर्मिटरीत माझं नाव ‘मावशी’ पडलं होतं, चालण्यावरून, आवाजावरून.

नववीत असताना सर आम्हाला ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला घेऊन गेले. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यात्रेहून जग, म्हणजे देवीची मूर्ती मांडलेल्या टोपल्या, परत आलेले. हिरवं लुगडं नेसलेला, कपाळभर मळवट भरलेला एक जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, डोक्यावर जग घेऊन चौंडक्याच्या तालावर नाचत होता. आमच्यातल्या एकानं शिट्टी मारली. “मावशी, तुझं पुढचं बघून घे!” सगळे खिदळले. सर काहीच बोलले नाहीत. चपला काढल्या, ‘उदं गं आई उदं’ म्हणत जोगत्याच्या पायाला हात लावला. त्यानं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. सरांनी मूठभर मागून घेतला आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या कपाळावर फासला. शिट्टीवाल्याच्या तर नाकाच्या शेंड्यापर्यंत. वर त्याला दोन वाट्या आंबील प्यायला लावली! व्याख्यान शून्य.

‘मावशी’ काही बंद झालं नाही. मी मात्र मान वर करून मेसमध्ये जायला लागलो.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम तेव्हा आम्हाला ऐकूनही माहीत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ते सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आवळलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून सुटले, त्या संध्याकाळी सरांचा फोन आला : “पैलवान, कुस्ती निकाली झाली की रं!” मी त्यांना माझ्याबद्दल कधी काही सांगितलेलं नव्हतं.

आज मी पुण्यात पुलांची डिझाइन्स करतो, स्वतःची फर्म आहे. मागे शाळेत आलो तर कौलारू डॉर्मिटरी पाडून काचेची इमारत उभी केलेली. पोरांना यात्रेला कुणी नेत नाही म्हणे. सहल वॉटर पार्कला जाते. असो.

समितीच्या अर्जात ‘पत्नीचे नाव’ असा रकाना आहे. आमच्या लग्नाला सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंही कायद्यात जागा मिळाली नाही, म्हणून ‘पत्नी’ खोडून ‘जोडीदार’ केलंय आणि त्याचं नाव लिहिलंय. जेवणाची दोन कुपनं काढा, आणि आम्हाला सरांच्याच पंगतीला बसवा.