तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीने मुलांना घेऊन जायचंय, फ्लाइट कुठली घेऊ?

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न ठरलेला. कधी फोन येतो, कधी नुसते दोन स्क्रीनशॉट येतात आणि खाली "कुठली घेऊ?". नवऱ्याला रजा नाही किंवा तो मागाहून येणार, पदरात एक सव्वा वर्षाचं आणि एक चार-पाच वर्षांचं, आणि समोर दोन फ्लाइट्स, एक स्वस्त पण मध्ये बदलायची, दुसरी महाग पण सरळ. मी सुट्टीत मुलांना घेऊन बहुतेक एकटीच जाते म्हणून लोकांना वाटतं हिच्याकडे काहीतरी युक्ती असणार. युक्ती बिक्ती काही नाहीये, पण फ्लाइट बघायची माझी एक पद्धत आहे ती सांगते.

मी तास बघत नाही. म्हणजे बघते, पण सगळ्यात शेवटी. आधी हे बघते की या प्रवासात मुलं, सामान आणि मी अशी सगळी वरात किती वेळा उचलून हलवायची आहे. विमानात बसून राहणं कंटाळवाणं असतं, पण अवघड नसतं, आठ तास काय नि दहा तास काय, एकदा सीटवर टेकलं की पोरं पळून पळून जाणार कुठे. घोडं अडतं ते सीटवरून उठल्यावर. सिक्युरिटीलाच बघा ना, बाळाला स्ट्रोलरमधून काढायचं, स्ट्रोलर घडी करून पट्ट्यावर चढवायचा, दुधाच्या बाटल्या वेगळ्या काढून दाखवायच्या (बाळाच्या दुधाला १०० मिलीच्या नियमातून बहुतेक ठिकाणी सूट असते, पण दाखवावं लागतं), मोठ्याचं जॅकेट, मोठ्याची बॅग, आणि मोठा तोवर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुणाचा तरी ट्रे ओढतोय. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर बाळ. दोघं असलात की एक जण सामान बघतो नि एक जण मुलं. एकटीला तो दुसरा हात नसतो, आणि तिकिटांच्या साइटवर स्वस्त, झटपट, लवकर असले सगळे फिल्टर असतात, हा नसतो.

म्हणून माझं पहिलं उत्तर, परवडत असेल तर न बदलता जाणारी घ्या, आणि पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठेतरी वाचवा. फक्त एक बघा, फ्लाइट नंबर शेवटपर्यंत एकच आहे म्हणजे विमान मध्ये कुठे उतरत नाही असं नसतं, तपशील उघडून थांबा आहे का ते वाचा.

बदलायचीच असेल तर मधला वेळ मोठा घ्या. तासा-सव्वा तासाचं कनेक्शन कॉम्प्युटर विकतो कारण त्या विमानतळावर तेवढ्या वेळात पोचता येतं असं ठरलेलं असतं, पण ते पोचणं धडधाकट एकट्या माणसाचं. तुमच्या हिशेबात दोनदा शू आहे, एकदा डायपर आहे आणि एक "मला उचल" आहे. शिवाय स्ट्रोलर. विमानाच्या दारात तो घेतात, टॅग लावतात, आणि आपण समजतो की उतरताना दारातच परत मिळेल. दर वेळी मिळत नाही. काही विमानतळांवर तो थेट शेवटच्या मुक्कामाच्या बेल्टवर जातो. मी एकदा अशीच दाराबाहेर उभी होते, बाळ झोपलेलं, मोठा माझ्या पायावर बसलेला, सगळं विमान रिकामं झालं, सफाईवाले आत गेले, मग एकाने येऊन सांगितलं की ताई तो पुढच्या विमानात चढला. पुढचं गेट दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून टॅग लावणाऱ्याला मी विचारते, हा मला कुठे मिळणार, आणि बाळाला छातीशी बांधायचा कॅरियर कायम हाताशी ठेवते. तीन-चार तासांचा लेओव्हर, म्हणजे मधला थांबा, मला चालतो, मुलं पळतात, खातात, दमतात. त्याहून मोठा असेल आणि रात्री असेल तर मात्र विमानतळावरच खोली मिळते का ते बघूनच तिकीट काढा.

आणि वेगवेगळी तिकिटं जोडून केलेला स्वस्त प्रवास एकटीने मुलांबरोबर नको म्हणजे नको. पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरीवाल्यांचा काही संबंध नसतो, तिकीट गेलं. वर बॅगा बेल्टवरून उचलून परत चेक-इन करायच्या, परदेशात असाल तर त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, कधी कधी त्या देशाचा व्हिसासुद्धा लागतो. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांच्या गळ्यात असतं.

वेळेचं म्हणाल तर सगळे विचारतात रात्रीची बरी ना, मुलं झोपतील. मुलं झोपतील हो, तुम्ही नाही. एक मांडीवर, एक दंडावर डोकं टेकून, आणि तुम्ही डोळे ताणून समोरच्या स्क्रीनवरचं विमान पुढे सरकताना बघताय. मग उतरल्यावर न झोपलेली तुम्ही आणि ताजीतवानी दोन मुलं. मी निघायची वेळ कमी बघते, पोचायची जास्त. उजेडी पोचणार असू आणि घ्यायला कुणी येणार असेल तर लांबची रात्रीची फ्लाइट मला चालते. पहाटे तीनला अनोळखी गावात उतरवणारी कितीही स्वस्त असो, नाही. जवळच्या प्रवासाला सकाळची घेते, कारण एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं आणि उशीर साठत साठत संध्याकाळपर्यंत जातो. दिवसातली शेवटची तर टाळाच, ती रद्द झाली की रात्र विमानतळावर. सुट्टीच्या गर्दीत हे जास्तच, कारण पुढची सगळी विमानं भरलेली असतात आणि तिघांना एकत्र जागा मिळणं कठीण. सुट्टी सुरू होते त्या संध्याकाळची फ्लाइट सगळ्यांनाच हवी असते, एक दिवस पुढे-मागे करता आलं तर करा.

आता विमान कुठलं ते. हे कुणीच बघत नाही आणि मला तर यातच सगळ्यात मजा येते. बुकिंगच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० असेल तर इकॉनॉमीत बहुतेक ३-३-३ अशा सीटा असतात, म्हणजे तीन सीटा, वाट, तीन सीटा, वाट, तीन सीटा. दोन्ही मुलांना स्वतःची सीट असेल तर तुम्हा तिघांची एक अख्खी रांग झाली, मुलं खिडकीशी नि मधे, तुम्ही बाहेरच्या बाजूला, जणू दाराला कडी. अनोळखी माणूस नाही, कुणाला सॉरी म्हणणं नाही. बाळ मांडीवर आणि एकच मोठं मूल असेल तर ए३३० छान, त्यात बहुधा २-४-२ असतं, कडेच्या दोन सीटा तुमच्या. ७७७ मध्ये हल्ली बऱ्याच कंपन्यांकडे ३-४-३ असतं, तिथे तुमच्या दोनच सीटा असतील तर कडेच्या तिनात किंवा मधल्या चारात तुमच्याबरोबर कुणीतरी येऊन बसणार, आणि तो माणूस कसा निघेल हे देवाच्या हातात.

सीट पैसे देऊन आधीच घ्या. सगळ्यात स्वस्त भाड्यात बऱ्याचदा सीट निवडताच येत नाही, आणि मग काउंटरवर "बघतो", गेटवर "आत विचारा", आत सगळे आपापल्या जागेवर पट्टा लावून बसलेले. सगळ्यांचं बुकिंग एकत्रच करा, म्हणजे पीएनआर एक. मी टॉयलेटपासून चार-पाच रांगा पुढे घेते, अगदी शेवटची नाही, तिथे सीटची पाठ मागे जात नाही बऱ्याचदा आणि रात्रभर दिवा नि फ्लशचा आवाज. बाळ मांडीवर नुकतं झोपलंय आणि शेजारून दबक्या आवाजात "आई, शू" आलं की टॉयलेट किती पावलांवर आहे हेच महत्त्वाचं ठरतं, बाकी खिडकीतून ढग दिसतात का वगैरे नंतर.

बॅसिनेटचं, म्हणजे विमानात बाळाला झोपवायला मिळतो त्या छोट्या पाळण्याचं, सगळ्यांना फार आकर्षण. मिळालं तर घ्या, पण ते समोर भिंत असलेल्या रांगेतच लागतं, ठरावीकच असतात, आणि वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० किलोच्या आसपास असते, तेव्हा गुटगुटीत बाळ असेल तर आधी कंपनीला विचारा. विमान हलायला लागून पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून घ्यावंच लागतं. आणि त्या रांगेत पायाशी बॅग ठेवता येत नाही, सीटांचे मधले हातही वर होत नाहीत, ट्रे त्यातच असतो ना. दुसऱ्या मुलाला तुमच्यावर आडवं व्हायचं असेल तर तो हात बरगडीत. दोन मुलं असतील तर मला साधी रांगच बरी वाटते.

दोन्ही मुलं दोन वर्षांखालची असतील तर मात्र नियम आडवा येतो. एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ. दुसऱ्याला सीट घ्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी विमानात चालणारी कार सीट, तीही खिडकीशी, म्हणजे कुणाची बाहेर पडायची वाट अडत नाही. मैत्रीण तिचं बाळ घेऊन बरोबर येत असेल तरी दोन्ही मांडीवरची बाळं एकाच तिनाच्या रांगेत सहसा बसवत नाहीत, कारण वरच्या ऑक्सिजन मास्कमध्ये जादा एकच असतो.

बाकीचं भराभर. कान चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात, त्यामुळे दूध किंवा चघळायचं काहीतरी विमान खाली यायला लागेपर्यंत राखून ठेवा. मुलांचं जेवण निदान एक दिवस आधी सांगावं लागतं. आधी बोर्डिंगला बोलावलं म्हणून मी पळत नाही, वर बॅग ठेवायला जागा मिळते हे खरं, पण अर्धा तास जादा पट्ट्यात बांधून ठेवण्यापेक्षा गेटजवळ पळू देते. एकटीने मुलांसह येणाऱ्यांना काही कंपन्या विमानतळावर मदतीला माणूस देतात, विचारायला लाजू नका. आणि परदेशी जाताना मुलांच्या वडिलांचं, शक्यतो नोटरी केलेलं संमतीपत्र नि जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या, आडनावं वेगळी असतील तर नक्कीच, बऱ्याच देशांत विचारतात.

परतीची फ्लाइट निवडताना हेच सगळं बघा, जरा जास्तच, कारण येताना बॅगा फुगलेल्या असतात आणि मुलं जागरणाने किरकिरी. आणि एक, धाकट्याचा दुसरा वाढदिवस सुट्टीतच येत असेल तर परत येताना त्याला स्वतःची सीट लागते. वय प्रवासाच्या त्या त्या दिवशीचं धरतात, तिकीट काढलं त्या दिवशीचं नाही, तेव्हा बुकिंग करतानाच कंपनीला जन्मतारीख सांगून येतानाची सीट पक्की करून घ्या.