रैयोलीची अंडी, पिसदुऱ्याचं शेण

डायनोसॉरांची दगड झालेली अंडी बघायला गुजरातेत बालासिनोरला जाणार असाल तर वडोदरा किंवा अहमदाबाद, कुठूनही निघा. दोन्हीकडून अंतर साधारण सारखंच, नव्वद किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्याकडच्यांना रात्रीच्या गाडीनं पहाटे वडोदऱ्याला उतरणं सोयीचं पडतं. आम्ही तसंच केलं आणि तिथून दिवसभरासाठी गाडी ठरवली. एसटी बालासिनोरपर्यंत पोचवते, पण पुढे अंडी जिथे आहेत त्या रैयोली गावापर्यंत दहा-पंधरा किलोमीटर उरतात आणि परतीला वाहन मिळेलच याची खात्री नसते. तिघं-चौघं असाल तर स्वतःची गाडीच बरी.

दुसरी सूचना लगेच देऊन टाकतो, कारण बहुतेक लोक याच्या उलट करतात. आधी रैयोलीचं जीवाश्म उद्यान बघा, डायनोसॉर संग्रहालय नंतर. 2019 मध्ये उघडलेलं संग्रहालय चांगलं आहे, मुलांना तर तिथून ओढून बाहेर काढावं लागतं. पण तिथले पूर्णाकृती पुतळे आधी पाहिले की डोळ्यांना तेवढ्या आकाराची सवय होते, आणि मग बाहेर खडकातलं वीतभर वर्तुळ बघून माणूस म्हणतो, ‘बस, एवढंच?’ शिवाय सकाळचं तिरपं ऊन खडकावर पडलेलं असतं तेव्हाच अंड्यांच्या कडा उठून दिसतात. दुपारी बारानंतर सगळा दगड एकसारखा पांढुरका होतो. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं.

उद्यान म्हणजे कुंपणातलं माळरान. खुरटी झुडपं, वाळलेलं गवत आणि मधूनमधून जमिनीतून वर आलेला करडा-पांढरा, खडबडीत चुनखडक. बरोबर स्थानिक वाटाड्या असतो, त्याच्याशिवाय फिरू नका. नियमासाठी म्हणत नाही, स्वतःच्या फायद्यासाठी म्हणतो. आमच्याबरोबरचे काका गावातलेच होते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी जे दाखवलं त्याच्यावरून आम्ही दोनदा चालून गेलो होतो.

अंडं म्हणजे सुटं, गोल, हातात घेता येईल असं काही इथे शोधू नका. खडक झिजून सपाट झालाय आणि त्याच्याबरोबर अंडंही आडवं कापलं गेलंय. त्यामुळे दिसतं ते वर्तुळ, साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटर व्यासाचं. आतला बलक केव्हाच गेला. त्याच्या जागी बाहेरचीच वाळू आणि चुना भरून घट्ट झालाय, म्हणून आत-बाहेर रंगात फारसा फरक नसतो. ओळखायचं ते कडेवरून. गुडघे टेकून खाली वाकलात की वर्तुळाभोवती एक गडद रेघ दिसते, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. हेच कवच. ही जाडी सगळीकडे जवळपास सारखी राहते आणि खरं-खोटं ओळखायची खूण तीच. या भागात चुन्याचे गोल गोळेही खडकात पुष्कळ असतात. त्यांना थरावर थर असतात किंवा काहीच कड नसते. अशी एकच, स्वच्छ, एकाच जाडीची रेघ नसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग नक्की न्या. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं आणि कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येतं. सुट्या पडलेल्या कवचाच्या तुकड्यावर ते धरलं की बाहेरच्या बाजूला बारीक बारीक फोडांसारखे उंचवटे दिसतात, अगदी दाटीनं. मधल्या फटींमधून हवा आत-बाहेर जायची. अंडी जमिनीत पुरलेली असायची, त्यामुळे आतल्या पिल्लाचा श्वास या छिद्रांवरच चालायचा.

काकांनी बाटलीतलं पाणी शिंपडून एक वर्तुळ उजळून दाखवलं. फोटो छान आला, पण आपण होऊन हे करू नका आणि करायला सांगूही नका. रोज शेकडो लोकांनी पाणी ओतलं, वर हात फिरवला, तर साडेसहा-सात कोटी वर्षं टिकलेली रेघ झिजायला फार काळ लागणार नाही.

ती इतकी टिकली कशी, हे समजून गेलात तर त्या माळावरचा वेळ वेगळाच जातो. या खडकाला लमेटा शैलसमूह म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटाघाट आहे, नाव त्यावरून आलंय. जबलपूर, धार, इकडे गुजरातेत खेडा-महिसागर, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर अशा तुटक पट्ट्यांत तो सापडतो. रैयोलीत त्याच्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइट आहेत. वर कोण, हे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सांगायला नको. आपण ज्या काळ्या कातळावर चढतो, ज्यात किल्ले कोरलेत, तो दख्खनचा लाव्हा. म्हणजे लमेटा ही लाव्हा पसरण्याआधीची जमीन. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून हे कधी डोक्यात आलं नव्हतं. रैयोलीत मात्र ते पायांना कळतं.

त्या जमिनीत पाऊस थोडा आणि उन्हाळा मोठा असायचा. पाणी मुरायचं, पुन्हा उन्हानं वर ओढलं जायचं आणि जाताना चुना मातीत सोडायचं. असं हजारो वर्षं होऊन मातीचाच चुनखडक झाला. अंड्याचं कवच चुन्याचंच, आणि भोवतालची मातीही चुनखडी, म्हणून ते विरघळलं नाही. आम्लयुक्त मातीत घातलेली अंडी कधीच नाहीशी झाली असती. अंडी इथे आहेत आणि इतरत्र नाहीत, याचा अर्थ इतरत्र घातली गेलीच नाहीत असा होत नाही.

घरटी ओळखण्यासाठी जरा लांब उभं राहून बघा. एक वर्तुळ सापडलं की त्याच्या आसपास हातभर अंतरात आणखी तीन, चार, सहा दिसायला लागतात. मादी उथळ खड्डा करून त्यात अंडी घालायची आणि वरून माती लोटायची. इथली बहुतेक अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, प्रचंड शाकाहारी डायनोसॉरांची. या घरट्यांचा सगळ्यात बोलका अभ्यास मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, बाग-कुक्षी भागात झाला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली आहेत. घरटी एकमेकांना इतकी लागून आहेत की एवढ्या अजस्र माद्यांना त्यांच्यामधून चालणंही शक्य नव्हतं. म्हणून संशोधकांचा निष्कर्ष असा की अंडी पुरून त्या निघून जात, पिल्लं आपली आपण बाहेर पडत. त्याच भागातल्या पाडल्या गावाजवळ एका अंड्याच्या पोटात दुसरं अंडं असलेला नमुनाही मिळाला. आज हे पक्ष्यांमध्ये क्वचित आढळतं. आणि त्याच पाडल्याच्या परिसरात लोक पिढ्यानपिढ्या असे गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत आले. शेताची, गुराढोरांची राखण करणारा देव! जीवाश्म म्हणून ओळख पटण्याआधी या अंड्यांची काळजी कुणी घेतली असेल तर ती अशा लोकांनी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुन्हा बालासिनोरकडे. इथला शोध 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक सिमेंटसाठी चुनखडी काढण्याच्या खाणींच्या परिसरात काम करत होते, तिथे अंडी निघाली. मग रैयोलीच्या टेकाडावर हाडं. सुरेश श्रीवास्तव यांनी ती उकरताना कुठलं हाड कुठे होतं याचे नेटके नकाशे काढून ठेवले. त्या नकाशांच्या आधारे 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हा कपाळावर शिंग असलेला मांसाहारी डायनोसॉर जगासमोर आला. 2010 मध्ये याच गावाच्या नावानं दुसरा, राहिओलिसॉरस. संग्रहालयात दोघांची माहिती आहे. तिथे वेळ कमी पडला तर राजासॉरसच्या कवटीचा भाग तेवढा नीट बघा.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो जवळच्याच ढोली डुंगरीचा नमुना. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना तिथे 1980 च्या दशकात एका दगडात तीन अंडी आणि बारीक हाडं मिळाली. 1987 मध्ये त्यांनी ती डायनोसॉरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. पुढे 2001 मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे असल्याचं लक्षात आलं. पुन्हा साफसफाई, पुन्हा अभ्यास, आणि 2010 मध्ये सनाजे इंडिकस या सापाची नोंद झाली. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा ताणला जात नव्हता. अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं, म्हणून तो पिल्लू बाहेर पडायची वाट बघत असणार. बहुधा पावसात वाळूचा लोट आला आणि तिघंही एका क्षणात गाडले गेले. पुढच्या वेळी कुणी ‘दगडात काय बघायचं’ म्हणालं तर त्यांना ही गोष्ट सांगा.

बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. शास्त्रज्ञांबरोबर फिरत त्या शिकल्या आणि गावातल्या लोकांना या दगडांची किंमत पटवत राहिल्या. गावातल्या एका म्हातारबाईकडे मसाला वाटायला वापरात असलेलं अंडं त्यांनी मिळवलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. त्यांच्या राजवाड्यात राहायची सोयही आहे. खर्च जास्त वाटला तर वडोदऱ्यालाच मुक्काम करा. बालासिनोरला दुपारचं साधं गुजराती जेवण मिळतं. रस्ता डाकोरवरून घेतलात तर तिथले गोटे, म्हणजे तिथली भजी, गरम असतानाच खा. घरी नेऊन मजा येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर गवत इतकं माजतं की अर्धा खडक झाकून जातो, आणि मे महिन्यात त्या उघड्या माळावर तासभरही निघत नाही. सावली जवळजवळ नाही. टोपी, दोन लिटर पाणी, जाड तळव्याचे बूट. फोटोत माप कळावं म्हणून शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा.

आता डायनोसॉरांचं शेण. त्यासाठी गुजरातला जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. ज्यांच्या नावानं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच इथले जीवाश्म गोळा केले होते. 1939 मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स मॅटली यांनी इथल्या अश्मीभूत विष्ठेवर स्वतंत्र निबंध लिहिला. शास्त्रीय भाषेत कोप्रोलाइट. शेजारच्याच डोंगरगावच्या टेकडीत एक मोठा टायटॅनोसॉर निघाला, त्याचं आजचं नाव आयसीसॉरस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएसआयच्या, लोकांनी तो खणून काढला होता.

इथे कुंपण नाही, तिकीट नाही, वाटाड्या नाही. शेतं आहेत. लालसर चिकणमातीत करडे-तांबूस गोटे पडलेले असतात. काही लिंबाएवढे, काही दहा सेंटीमीटर जाडीचे. एका टोकाला निमुळते, अंगावर आवळल्यासारख्या खाचा. हातात घेतला की वजन जाणवतं. वास वगैरे काही नाही, हे लहान मुलं हमखास विचारतात म्हणून सांगतो.

याच गोट्यांनी 2005 मध्ये जगभरच्या पाठ्यपुस्तकांतली समजूत बदलली. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतंच, असं तोवर मानलं जायचं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे कोप्रोलाइट विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण साठतात, आणि गवतातल्या कणांचे आकार इतर झाडांपेक्षा वेगळे असतात. ते कण इथे निघाले, एकाच नव्हे तर किमान पाच प्रकारच्या गवतांचे. पोटात मुख्यतः माड-ताडाच्या कुळातली, सूचिपर्णी आणि इतर झाडं होती. गवत थोडं, पण होतं. 2011 मध्ये पुढचा निबंध आला: त्यातलं काही गवत भाताच्या गटातलं होतं. त्याच जिल्ह्यात मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हे धानाचे तालुके आहेत. तिथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असायला हवी, आणि पिसदुऱ्याच्या वेशीवर निदान एक फलक तरी असायला हवा.

वरोरा नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरच आहे, रेल्वे स्टेशनही आहे. तिथून गाडी करा. जवळ आनंदवन आहे, दिवस सत्कारणी लागेल. पिसदुऱ्यात पोचल्यावर थेट शेतात शिरू नका, आधी गावात विचारा. आम्हाला एका बांधावरच्या आजोबांनी हटकलं, ‘गोटे पाहाले आले का जी?’ आणि मग स्वतःच वाट दाखवायला आले. उभ्या पिकात पाय टाकू नका. कापूस-तूर निघून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन मोकळी असते. त्यानंतर चंद्रपूरचं ऊन सोसवत नाही. पाऊस पडून गेलेला असेल तर बेत पुढे ढकला, काळी माती बुटाला धरली की पाऊल उचलत नाही.

आणि एकही गोटा खिशात घालू नका, लहानसाही नाही. तो कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता यावरच त्याचा अभ्यास चालतो. घरच्या कपाटात तो नुसता दगड होतो. वेगळं काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा, मोबाइलवर ठिकाणाची खूण करून ठेवा आणि नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. शेतमालकाचा नंबर घेऊन ठेवलात तर त्यांनाही येणं सोपं जातं.